भिंतीतला चुलता

बारामती सोडून इंदापूरकडे निघालं की शहर संपायच्या जरा अलीकडे एक गोल इमारत आहे. रस्त्यावरून ती दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. दिसतं ते कमरेएवढं काँक्रीटचं कडं आणि त्यावर परात पालथी घालावी तसं छत. बाकी सगळी इमारत जमिनीच्या पोटात. आत शिरलं की पायऱ्या नाहीत. भिंतीला धरून एक उतरता रस्ता गोल गोल खाली जातो, भिंतीवर चित्रं टांगलेली असतात आणि तळाशी एक मोकळं अंगण आहे. छताच्या मधोमध मोठं भोक ठेवलंय. त्यातून उन्हाचा गोळा खाली पडतो आणि दिवसभर भिंतीवरून सरकत राहतो. खिडकी एकही नाही. खांब एकही नाही. हे शहराचं कलासंग्रहालय. लांबून लांबून लोक येतात आणि चित्रांपेक्षा छताचेच फोटो काढून जातात.

मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा भिंतीवर एकही चित्र नव्हतं. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. मी बारामतीत कॉलेजला होते, म्हणजे जगातलं सगळं मला कळत होतं.

माझा दादा त्या इमारतीवर सेंट्रिंगच्या कामाला होता. काँक्रीट ओतायच्या आधी फळ्यांचा साचा उभा करायचा, खालून टेकू द्यायचे आणि काँक्रीट घट्ट झालं की फळ्या, टेकू सगळं परत काढून घ्यायचं, हे त्याचं काम. बघणाऱ्याला वाटतं उभारणं अवघड. दादा म्हणायचा, उभारताना भ्या नसतं, काढताना असतं. टेकू निघेपर्यंत वरचं कशाच्या जिवावर थांबलंय हे कुणालाच ठाऊक नसतं, ना साहेबाला ना मुकादमाला.

आमची वस्ती अंथुर्ण्याच्या पलीकडे. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. दिवाळी झाली की सगळं बिऱ्हाड घोड्यावर लादून घाट उतरायचं आणि पाऊस तोंडावर आला की परत यायचं. माझ्या आठवणीत मात्र मेंढरं नाहीत. आमचा ऊस, थोडी ज्वारी, एक म्हैस आणि कोपऱ्यात आजोबांची काठी, एवढंच. वडिलांना आम्ही तात्या म्हणायचो. ते शेती करायचे, पण चालायचे अजून मेंढरांमागं चालल्यासारखे, सावकाश आणि मधूनमधून मागे वळून बघत.

दादा त्या कामावर लागला आणि आईचं चित्त उडालं. मोठं बांधकाम माणूस मागतं, हे आमच्याकडे कुणी शिकवावं लागत नाही. कालव्यावर पूल होताना आमच्या वस्तीवरची पोरं महिनाभर शाळेत गेली नव्हती. पुलाखाली पोर पुरतात म्हणे. मी आईला हसायचे. सिमेंट कसं घट्ट होतं ते मी तिला एकदा पुस्तक उघडून समजावलं होतं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् ज्या दिवशी न्हाय हुत, त्या दिवशी काय करत्यात?"

पावसाळ्याच्या तोंडावर एक प्रकार झाला. जेवायच्या सुट्टीत छताखालच्या फळ्यांची एक बाजू घसरली आणि खाली अंगणात येऊन पडली. गडी सगळे बाहेर झाडाखाली भाकरी खात होते, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. दादाने घरी येऊन हे हसत सांगितलं. तात्यांनी देवाला हात जोडले. आई मात्र पिठाचा हात तसाच धरून बसून राहिली.

"म्हंजी त्येनं मागितलं," ती म्हणाली, "आन् रिकामं गेलं."

 या वेळी मला हसू आलं नाही, आणि त्याचा मला राग आला.

काही आठवड्यांनी दादा म्हणाला, रविवारी सगळ्यांनी बिल्डिंग बघायला चला. छताच्या फळ्या निघाल्या होत्या. मधल्या भोकाच्या कड्याखालचे टेकू तेवढे राहिले होते. ते सोमवारी काढायचे, मग रंगवाले, वायरमन येणार आणि पुढे आपल्याला आत जायला तिकीट लागणार. मुकादमाने गड्यांना सांगितलं होतं, आणा घरच्यांना, बघून जाऊ द्या.

तात्या लगेच तयार झाले. आई आधी नाही म्हणाली, आणि सकाळी उठून बघतो तर भाकरीचं गाठोडं बांधून, इरकल नेसून दारात उभी. आमची आई इतक्या सहज कशालाच तयार होत नसे. तिला शेजारच्या लग्नाला न्यायचं म्हटलं तरी दोन माणसं लागायची. पण मी काही विचारलं नाही. एसटीत ती पदराची गाठ मुठीत धरून बसली होती.

बिल्डिंगपाशी पोचलो. कुत्री साधारण बांधकामावर हक्काने फिरतात. इथली कुत्री बाहेर वाळूच्या ढिगावर पडली होती आणि दादाने भाकरीचा तुकडा आत टाकला तरी एकही आत गेलं नाही. दादा म्हणाला, आत ओल हाय म्हणून. असेल.

आत पाऊल टाकलं आणि गारवा अंगावर आला. ओल्या सिमेंटचा वास येत होता. तात्या खोकले, तर तो खोकला आमच्या पाठीमागून परत आला. तात्यांनी वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं.

"ही बिल्डिंग न्हाय," तात्या म्हणाले. "ही हीर हाय."

"हिरीत पाणी असतं तात्या," मी म्हटलं.

"त्येच म्हंतोय मी. पाणी न्हाय तर मग खाली उतरायचं कशाला?"

दादाला याचं काही नव्हतं. तो नव्या नवरदेवासारखा पुढे पुढे चालत होता. भिंतीला तोंड लावून हळू बोललं तरी पार पलीकडच्या बाजूला ऐकू जातं, हे त्याने आम्हाला करून दाखवलं. मला एका जागी उभं केलं, स्वतः अर्धा फेरा उतरून गेला आणि भिंतीशी काहीतरी पुटपुटला. माझ्या कानाशी कुणीतरी म्हणालं, "कॉलेजकुमारी, डबा आणलाय का?" मी दचकून भिंतीपासून लांब झाले. दादा खालून हसत होता. त्याचं हसणंही भिंतीतूनच आलं.

भिंतीत ओळीने भोकं होती. अंगठा आत जाईल एवढी, हातभर अंतराने, वरपासून खालपर्यंत. दादाने सांगितलं, साच्याच्या फळ्या बोल्टांनी आवळून धरतात. फळ्या निघाल्या की बोल्टांची भोकं मागे राहतात, मग ती सिमेंट भरून बुजवायची. वरची बरीचशी बुजवून झाली होती, खालची बाकी होती. एका वळणावर घमेल्यात माल कालवलेला होता आणि वर थापी ठेवलेली. रविवार असूनही एकदोन गडी त्याच कामावर होते.

"लई आत जात्यात का ही?" आईने विचारलं. आत आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलली होती.

"वीतभर तरी जात्यात."

तळाशी पोचलो आणि मी दादाची सगळी थट्टा विसरले. अंगणाच्या मधोमध लोखंडी टेकूंचं एक जंगल छतापर्यंत गेलं होतं. सगळं छत त्यावर डोकं टेकून असल्यासारखं दिसत होतं. वर बघितलं की मान दुखायची, आणि एवढं वजन नुसतं हवेत राहील हे माझ्या पुस्तकालाही पटलं नसतं. तात्या हळूच अंगणाच्या कडेला, भिंतीपाशी सरकले आणि त्यांच्यामागोमाग आम्हीही.

"उद्या ह्ये कोण काढणार?" त्यांनी विचारलं.

"मी," दादा म्हणाला. "बाकीची भाईरनं दोर वढत्याल. आतल्या टेकूंचे जॅक सैल कराया कुणीतरी आत शिरायला लागतंय. मी अंगानं बारीक हाय."

"एकटा?"

"दोघं शिरलो तर निघताना गर्दी हुईल की."

तो हे हसत म्हणाला. तात्या हसले नाहीत. मी आईकडे बघायला मान वळवली, तर आई आमच्याबरोबर नव्हती. ती वर, अर्ध्या उतारावर, भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिचा हात भिंतीवर होता. मी हाक मारणार, तेवढ्यात माझ्या कानाशी तिचा आवाज आला. ती कुजबुजत होती आणि भिंत ते माझ्यापर्यंत आणून देत होती.

"लेकराला सांभाळ. तुझ्याच अंगाखांद्यावर वाढलंय."

देवाला सांगत असेल असं मला वाटलं. मी मान परत फिरवली. दादाही भिंतीला टेकून उभा होता, माझ्यापासून दोन हातांवर. आई उतरून खाली आली, तेव्हा तो म्हणाला, तुमी भाईर जाऊन भाकरी सोडा, मी जरा एवढी भोकांची वळ बुजवून येतो. आम्ही वर चढलो. आईच्या पदराची गाठ सुटलेली होती.

सोमवारचा दिवस कसा गेला ते सांगत नाही. आई चुलीपाशी बसून होती आणि चूल पेटलेली नव्हती. मी कॉलेजला न जाता घरीच राहिले आणि दिवसभर तिच्यावर चिडत राहिले, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. संध्याकाळच्या एसटीने दादा आला. केसांत सिमेंट, हात सोलपटलेले. जेवला आणि म्हणाला, शेवटचा टेकू सैल केला तेव्हा छतानं एकदाच आवाज केला, बोट मोडल्यासारखा. कड. सगळे पळाले. तो आत होता, त्याला पळता आलं नाही. मग काहीच झालं नाही. छत तसंच राहिलं.

"लई येळ वर बघत हुतो," तो म्हणाला. "वाटत हुतं, आजून एकदा वाजंल."

त्यानंतरच्या अमावस्येला तात्यांनी देव धुवायला घेतले.

इथे एक सांगायला हवं. आमच्या देव्हाऱ्यात देव म्हणजे टाक. चांदीचे पातळ, अंगठ्याएवढे पत्रे, त्यावर ठोकून उठवलेल्या मूर्ती. त्यांत कुलदैवत असतं, देवी असते, आणि घरातलं कुणी अवचित गेलं असेल तर त्याचाही टाक करून देवांत बसवतात. आमच्या देव्हाऱ्यात असा एक घोडेस्वार होता. तो माझा धाकटा चुलता. घरात शेवटचा म्हणून त्याला बारक्या म्हणायचे. आई लग्न होऊन आली तेव्हा तो नागडा फिरायचा. आईनेच त्याला न्हाऊ घातलं, तो तिच्याच ताटात जेवला, आणि मिशी फुटली तेव्हा तिलाच दाखवायला आला. पुढे दादा झाला, तेव्हा हा चुलता त्याला खांद्यावर घेऊन मेंढरांमागं फिरायचा. एका वर्षी घाटाखाली त्याला ताप भरला आणि तिथेच तो गेला, बिनलग्नाचा. त्याला रस्त्याकडेला पुरून बिऱ्हाड पुढे गेलं, कारण मेंढरं थांबत नाहीत. परतताना आजोबा तिथे थांबले, तर रस्ता रुंद करायचं काम चालू होतं आणि जागा सापडली नाही. आजोबांनी इंदापूरच्या सोनाराकडून टाक करून घेतला आणि त्याच वर्षी मेंढरं विकली. म्हणजे बारक्या चुलत्याला या जगात राहायला एवढीच जागा होती, बोटभर चांदीची. अमावस्येला पहिला घास त्याचा असायचा.

तात्यांनी सगळे टाक ताटात मांडले आणि परत परत हात फिरवत राहिले.

"बारक्या कुठं हाय?"

आई दारात उभी होती. तिने काहीही लपवलं नाही. भिंतीतल्या भोकात घातला म्हणाली. वरून सिमेंट बसलं असेल म्हणाली.

तात्या आवाज चढवणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी उरलेले टाक एकेक करून पुसले. मग म्हणाले, "एकदा मेला हुता त्यो. तू परत मारलास."

"म्या बळी न्हाय दिला त्येला. राखणीला बसवला."

"तितं अंधारात?"

"मेंढरामागं बसायचाच की त्यो अंधारात. कदी तक्रार केली व्हती का?"

दादा तिथेच होता. तो मान खाली घालून पायाचं सिमेंट खरवडत होता. मला तेव्हा वाटलं, त्याला असल्या गोष्टींची लाज वाटत असणार.

त्या दिवसापासून तात्या आईच्या हातचं वाढून घेईनासे झाले. दुरडीतून स्वतः भाकरी घ्यायचे आणि ओट्यावर बसून खायचे. ती ताट करायची, ते तसंच राहायचं, मग ती तेच ताट म्हशीला घालायची. रोज. मी भांडले, रडले, तात्यांना नाही नाही ते बोलले. ते मला म्हणायचे, तू अभ्यास कर. कधी सकाळी चहा घेताना ते स्वप्न सांगायचे. बारक्या मेंढरं घेऊन गोल गोल उतरतोय, उतार संपत नाही, आणि मेंढरं एकेक करून कमी होतायत. ते आईकडे बघून सांगत नसत, पण आई ऐकेल एवढ्या आवाजात सांगत. मला त्यांचा तेव्हा फार राग यायचा.  बारामतीला जाता येता एसटी त्या इमारतीवरून जायची, तेव्हा मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीत बसायचे.

इमारत उघडली. पेपरात फोटो आले. कुठले कुठले चित्रकार येऊन गेले. दादा दुसऱ्या साइटवर लागला. मग कळंबकडची मुलगी सांगून आली, दादाला पसंत पडली, बोलणी झाली, आणि सगळं एका जागी येऊन अडलं. आमच्यात लग्नाआधी घरचे सगळे टाक उजळून आणतात आणि पहिल्या अक्षता त्यांच्यापुढे ठेवतात. एकही देव उणा चालत नाही. तात्या म्हणाले, बारक्या घरी आल्याशिवाय या घरात हळद लागणार नाही. मुलीकडचे निरोपावर निरोप पाठवत होते. दादा वाळत चालला होता. त्याचं लग्न मोडेल आणि मग हे घर पुरतं मोडेल, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

शेवटी तात्यांनीच ठरवलं. जायचं, भोक उकरायचं, त्याला घेऊन यायचं. बोटाएवढं सिमेंट, किती वेळ लागतो? त्यांनी पिशवीत छिन्नी आणि हातोडी घातली, वर टॉवेल ठेवला. आईला विचारलं, कुठलं भोक?

"ध्यानात न्हाय," आई म्हणाली.

आईच्या ध्यानात नाही असं काही असू शकतं यावर माझा विश्वास नव्हता. कुठल्या म्हशीला कुठल्या साली कुठला रेडा दाखवला हे तिला तोंडपाठ होतं. पण ती त्या एका वाक्याच्या पुढे गेली नाही.

आम्ही आठवड्याच्या मधल्या वारी, दुपारी गेलो, म्हणजे गर्दी नसेल. दारावरचा वॉचमन पूर्वी तिथेच गडी होता, दादाच्या ओळखीचा. त्याने पिशवीकडे बघितलंही नाही. "चित्रांना हात लावू नका, भिंतीला टेकू नका," एवढं म्हणून तो स्टुलावर परत पेंगायला लागला.

भिंतीवर आता चित्रं होती. मी मोठ्याने चित्रांखालच्या पाट्या वाचत चालले होते, कुणी बघितलं तर आम्ही चित्रं बघायला आलोय असं दिसावं म्हणून. एका चित्रात नुसताच लाल रंग होता. तात्या त्याच्यासमोर थांबले आणि म्हणाले, "ह्ये पुरं करायचं राह्यलंय." दुसऱ्या वेळी मी पोट धरून हसले असते. पण तात्यांचा खोकला तसाच मागून परत येत होता, उन्हाचा गोळा भिंतीवरून आमच्याबरोबर खाली उतरत होता, आणि डोक्यावर ते छत. टेकूंचं जंगल आता नव्हतं. छताखाली नुसती हवा होती.

आणि भोकं सगळी सारखी. प्रत्येक बुजवलेल्या भोकाचा एक गोल डाग, बटणासारखा, ओळीने, वरपासून तळापर्यंत. तात्यांनी एकावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर. मग त्यांनी भिंतीभर नजर फिरवली आणि त्यांचा चेहरा उतरला. 

दादा आमच्या पुढे गेला. तो कुठेही न थांबता, डागांकडे न बघता चालत गेला, अर्धा फेरा उतरला आणि एका निळ्या-काळ्या चित्राशी थांबला. चौकटीच्या खाली, आईच्या खांद्याच्या उंचीला एक डाग होता. त्याने त्यावर अंगठा ठेवला.

"ह्ये."

"तुला कसं ठावं?" तात्यांनी विचारलं.

दादाने भिंतीकडेच तोंड ठेवलं. "मीच बुजवलं."

तात्यांनी पिशवी खाली ठेवली.

"आईचं बोलणं मला ऐकू आलं हुतं," तो म्हणाला. "तुमी वर गेल्यावर बघितलं, तर आत चमकत हुता. घोडा दिसला. वळखला मी. बोट घालून भाईर काढता आला असता तात्या. पर दुसऱ्या दिशी मलाच आत शिरायचं हुतं." त्याने अंगठा डागावरून काढला. "थापीवर माल घेतला आन् दाबून बसवला."

"गप रं," आई म्हणाली. "कशाला बोलतूस आता."

ती हे इतक्या शांतपणे म्हणाली, की मला सगळं कळलं. आईला माहीत होतं. तिने त्या रविवारी वरून वळून बघितलं असणार, लेक भोकापाशी थांबलाय, हातात थापी आहे. तिला जागा पक्की ठाऊक होती आणि हात कुणाचा तेही. तात्यांचा सगळा राग तिने एकटीने अंगावर घेतला होता, आणि दादाने तो घेऊ दिला होता. मला दादाच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. मी दोन्ही केलं नाही.

तात्यांनी पिशवीतून छिन्नी काढली आणि दादाच्या हातात दिली. "काढ."

दादाने छिन्नी डागावर धरली आणि हातोडीचा एकच हलका ठोका घातला. तो ठोका भिंतीतून निघाला, सगळ्या इमारतीला वळसा घालून आमच्या पाठीमागून परत आला, आणि त्याच्या मागोमाग वरून, छतातून, आवाज आला.

कड.

दादाचा हात तिथेच थांबला. त्याचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. हा आवाज त्याने आधी ऐकलेला होता. ऊन तापलं की काँक्रीट असा आवाज करतं, हे मला कॉलेजातल्या मास्तरांनी नंतर सांगितलं. तेव्हा ते सांगायला कुणी नव्हतं.

त्याच वेळी वर दारातून गलका आला. कुठल्यातरी शाळेची सहल होती. निळ्या गणवेशातली पोरं दोन-दोनच्या रांगेत, एकमेकांचे हात धरून उतारावरून खाली यायला लागली. बाई मागून "पळू नका" म्हणत होत्या आणि सगळी पळत होती. ती आमच्या अंगावरून गेली, तळाच्या अंगणात पोचली, आणि उन्हाच्या गोळ्यात उभी राहून सगळीच्या सगळी माना वर करून छताच्या भोकाकडे बघायला लागली. त्यांच्या आवाजाने इमारत भरून गेली.

तात्या त्यांच्याकडे बघत राहिले. मग छताकडे. मग परत पोरांकडे. मेंढरं मोजणारा माणूस बघतो तसे ते बघत होते. दादा छिन्नी धरून वाट बघत होता. तात्यांनी पुढे होऊन छिन्नी त्याच्या हातातून काढून घेतली, टॉवेलात गुंडाळली आणि पिशवीत ठेवली.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.

आईने पदराची गाठ सोडली. आत हळदीच्या अक्षता होत्या. त्या ती घरूनच घेऊन आली होती, म्हणजे हे असं होणार हे तिला आमच्या सगळ्यांच्या आधी कळलं असावं. तिने त्या तात्यांपुढे धरल्या. तात्यांनी चिमूट घेतली आणि भिंतीच्या मुळाशी, डागाच्या बरोब्बर खाली ठेवली. मग तोंड भिंतीजवळ नेलं. मी वळणापाशी, भिंतीला लागूनच उभी होते, म्हणून मला ऐकू आलं.

"बारक्या, पोराचं लगीन हाय. तुला आवतान. पर तू हितनं हलू नगस. थांब जरा. पोरं हायत खाली."

परतताना बारामतीच्या स्टँडवर आईने भाकरीचं गाठोडं सोडलं. तिने तात्यांपुढे भाकरी धरली, रोजच्यासारखीच, घेतील अशी आशा न ठेवता. तात्यांनी ती घेतली, पहिला तुकडा मोडून बाजूला ठेवला आणि मग खायला लागले. आई तोंडाला पदर लावून एसटीच्या पाटीकडे बघत बसली. तिला वाचता येत नव्हतं.

लग्न झालं. देव्हाऱ्यात घोडेस्वाराची जागा आम्ही भरली नाही. दुसरा टाक करा म्हणून सोनार म्हणाला, तात्या नको म्हणाले. माणूस एकच आहे आणि तो कामावर आहे.

आता आई नाही, तात्याही नाहीत. त्यांचे टाक दादाने करून घेतले. मी शाळेत शिकवते आणि दरवर्षी आमची सहल त्या संग्रहालयात जाते. इमारत जुनी झाली आहे. निळ्या-काळ्या चित्राच्या जागी आता दुसरं चित्र आहे आणि बुजवलेल्या भोकाच्या डागाखालून ओलीचा एक ओघळ उतरत आलाय, दर वर्षी थोडा लांब. संग्रहालयाचे लोक म्हणतात, पाझर आहे, काळजीचं कारण नाही. सिमेंट कसं घट्ट होतं हे मी अजूनही मुलांना नीट समजावून सांगू शकते.

पण पोरं आत सोडायच्या आधी मी एकटी पुढे जाते. गेल्या वर्षी माझ्या वर्गातली एक मुलगी रांग मोडून कधी खाली पोचली ते मला कळलं नाही. मी डागाशी तोंड नेऊन माझं नेहमीचं, तात्यांचंच, बोलून घेतलं आणि वळले, तर तळाच्या अंगणातून, पलीकडच्या भिंतीला कान लावून, ती वर बघत होती.

"बाई," तिने विचारलं, "कोणाला थांबायला सांगताय?"

मी छताकडे बघितलं आणि तिला म्हटलं, तिथे उभी राहू नकोस, इकडे माझ्याजवळ ये.